मेमरीत मावणारं बेट

वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन स्टुडिओने 2018 च्या जुलैमध्ये ‘मोआना’ या चित्रपटातलं एक अख्खं बेट अभ्यासकांसाठी खुलं केलं. तयार चित्रं नव्हेत, तर ती ज्यातून तयार होतात ती सगळी मूळ सामग्री: डोंगर, वाळू, प्रवाळ, लाटा आणि किनाऱ्यावरचे माड, केवडा, सुरू, जास्वंद. कोकणात वाढलेल्या माणसाला यातलं जवळपास प्रत्येक झाड ओळखीचं वाटेल. रेंडरर, म्हणजे अशा सामग्रीतून चित्र तयार करणारी सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांना खऱ्या चित्रपटाच्या आकाराचा सीन क्वचितच हाती लागतो, तो मिळावा हा यामागचा हेतू. या बेटात 9 कोटींहून अधिक वेगवेगळे त्रिकोण-चौकोन आहेत. त्यांच्यापासून बनलेल्या वस्तू सुमारे 2 कोटी 80 लाख ठिकाणी पुन्हा पुन्हा मांडल्या आहेत. सगळं मोजलं तर 1500 कोटींहून अधिक आकार भरतात.

इतका मोठा सीन घरच्या संगणकावर उघडला तर काय होतं ते ॲनिमेशन शिकणाऱ्या कुणालाही विचारा. रेंडर सुरू होतो, पंखे जोरात फिरू लागतात, मग माउस अडखळतो आणि एका क्षणी प्रोग्रॅमची खिडकीच पडद्यावरून नाहीशी होते. कित्येकदा एका ओळीचा संदेशही येत नाही. नवशिक्याला वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलंय, किंवा संगणक जुना झालाय. पण मेमरी संपून होणारा क्रॅश बहुतेक वेळा आधी कागदावर मोजता येतो. तो कसा मोजायचा आणि कसा टाळायचा हे समजायला अवघड नाही, फक्त ते कुणी नीट बसून सांगत नाही.

आधी तो संदेश का येत नाही ते पाहू. प्रोग्रॅम संगणकाकडे मेमरी मागतो तेव्हा लिनक्ससारखी प्रणाली सहसा नुसतं आश्वासन देते. खरी मेमरी दिली जाते ती प्रोग्रॅम त्या जागेवर काही लिहायला जातो तेव्हा. आश्वासनांची बेरीज प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त झाली आणि सगळेच वापरायला निघाले, की प्रणालीला स्वतःचा जीव वाचवण्यासाठी कुणाला तरी बंद करावं लागतं. ती सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमची निवड करते. तो अर्थातच आपला रेंडरर असतो. त्याला सावरायची किंवा निरोपाची ओळ लिहायची संधीच मिळत नाही, त्यामुळे लॉग फाइल मधूनच तुटलेली दिसते.

विंडोजमध्ये आश्वासनांना कमाल मर्यादा असते, म्हणून तिथे मागणी नाकारली जाते. पण नकार मिळाल्यावर काय करायचं हे प्रोग्रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात लिहिलेलं नसतं, आणि तो तिथेच कोसळतो.

मेमरी कमी पडली की डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरायची सोय दोन्हीकडे आहे. साध्या कामाला ती पुरते, रेंडरिंगला फारशी नाही. प्रकाशकिरण सीनमध्ये कुठूनही कुठेही उसळतो. आत्ता वाळूवर, पुढच्या क्षणी डोंगरावर. रॅममधून माहिती मिळायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून सुमारे हजारपट जास्त. प्रत्येक फोडणीला मोहरी माळ्यावरून काढून आणावी, तसा हा प्रकार होतो. क्रॅश टळतो, पण वीस मिनिटांची फ्रेम दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि स्टुडिओच्या दृष्टीने ती फ्रेम गेल्यातच जमा असते.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. एक माड घ्या, झावळ्यांसकट चांगला तपशीलवार घडवलेला, 10 लाख त्रिकोणांचा. शेजारचे त्रिकोण बिंदू वाटून घेतात, त्यामुळे बिंदू साधारण निम्मे, म्हणजे 5 लाख. प्रत्येक बिंदूला जागेचे तीन आकडे, पृष्ठभागाची दिशा सांगणारे तीन, टेक्स्चरवरची, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रावरची, जागा सांगणारे दोन. एकूण आठ आकडे, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे 32 बाइट. झाले 16 एमबी. शिवाय कोणता त्रिकोण कोणत्या तीन बिंदूंचा, याची नोंद 12 एमबीची. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात येतं. विसरला जातो तो पुढचा भाग. किरण नेमका कोणत्या त्रिकोणावर आदळला हे झटकन शोधायला रेंडरर आकारांभोवती एकात एक पेट्यांची उतरंड रचतो. तिला बीव्हीएच म्हणतात. 10 लाख त्रिकोणांना 20 लाखांपर्यंत पेट्या होऊ शकतात आणि एका पेटीला 32 बाइट धरले तर आणखी 64 एमबी लागले. म्हणजे डिस्कवर लहान दिसणारा माड मेमरीत 100 एमबीच्या घरात जातो, आणि त्यातला मोठा वाटा मॉडेल करणाऱ्याने कधीच न पाहिलेल्या गोष्टीचा असतो.

शिवाय ही उतरंड रचत असताना तात्पुरती जादा मेमरी लागते. रेंडर पहिला पिक्सेल दिसण्याआधीच कोसळतो, त्याचं हे एक मोठं कारण. काम सुरळीत सुरू झाल्यावर 50 जीबी पुरणार असतात, पण तयारीच्या मधल्या दहा मिनिटांत 70 लागतात. म्हणून सरासरी वापराकडे न पाहता सर्वांत वरच्या आकड्याकडे पाहायचं.

आता असे 10 हजार माड लावा. प्रत्येकाची स्वतंत्र प्रत ठेवली तर जवळपास 1 टीबी मेमरी हवी. पण झाड एकदाच ठेवलं आणि बाकीच्या ठिकाणी ‘इथे तेच झाड, एवढं वळवून, एवढं लहान-मोठं करून’ इतकीच चिठ्ठी ठेवली तर? ही चिठ्ठी म्हणजे 16 आकड्यांचा एक तक्ता, 64 बाइटांचा. 10 हजार चिठ्ठ्यांचे 6 लाख 40 हजार बाइट, एक एमबीसुद्धा नाही. रेंडरर सोबत आणखी काही नोंदी ठेवतो असं धरलं तरी काही एमबींत काम भागतं. यालाच इन्स्टन्सिंग म्हणतात. मोआनाचं बेट मेमरीत मावू शकतं ते याच युक्तीमुळे. 9 कोटींचे 1500 कोटी होतात ते चिठ्ठ्यांच्या जोरावर. मोठ्या सीनमध्ये एकच उपाय करायला सवड असेल तर मी डोळे झाकून हा निवडेन.

तरीही ही युक्ती हातून नकळत निसटते. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडची बरीच मुलं वापरतात, त्याचंच उदाहरण घेऊ. वस्तूची नक्कल करायला शिफ्ट-डी दाबलं की तिच्या त्रिकोण-चौकोनांच्या मूळ जाळीचीही नवी प्रत होते. ऑल्ट-डी दाबलं तर दोघांत जाळी एकच राहते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं. पण ऑल्ट-डीने केलेल्या नकलांवरही वेगवेगळे मॉडिफायर चढवलेले असतील, तर प्रत्येक वस्तूची जाळी पुन्हा वेगळी मोजली जाते आणि बचत हरवते. जिऑमेट्री नोड्समध्ये कुणीतरी मध्येच ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ हा नोड घातलेला असतो, तोही सगळ्या चिठ्ठ्यांची खरी झाडं करून टाकतो. झाडं एका कलेक्शनमध्ये ठेवून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स पसरवणं जास्त भरवशाचं. सगळी झाडं एकाच साच्यातली दिसतील ही भीती रास्त आहे, पण चार-पाच वेगळी झाडं, वेगळी वळणं आणि वेगळे आकार मिसळले की रानात ते डोळ्याला जाणवत नाही.

टेक्स्चरच्या बाबतीत फसगत आणखी सोपी. वाळूचा एक फोटो डिस्कवर 5 एमबीची जेपेग फाइल म्हणून पडलेला असतो. तो 4096 बाय 4096 पिक्सेलचा असेल, तर मेमरीत उलगडल्यावर दर पिक्सेलला 4 बाइट धरून तो 64 एमबी होतो. फाइल कितीही आवळलेली असो, रेंडररला पिक्सेल मोकळे लागतात. 8192 बाय 8192 केला की 256 एमबी, आणि दशांश आकड्यांच्या पूर्ण अचूकतेत ठेवला तर 1 जीबी. आता एखाद्या मुख्य पात्राच्या अंगावर 50 तुकड्यांत टेक्स्चर रंगवलेलं असतं. रंग, खडबडीतपणा, पृष्ठभागाचा कल आणि उंचसखलपणा असे प्रत्येकाचे चार थर. 200 चित्रं गुणिले 64 एमबी म्हणजे 12.8 जीबी, एकट्या पात्राचे. मागे भिंतीवर टांगलेली, कॅमेऱ्यातून नखाएवढी दिसणारी तसबीरही कित्येकदा 8192 पिक्सेलचीच निघते, कारण ती मिळाली तशी लावली गेली.

यावरचं उत्तर जुनं आहे. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मिपमॅपिंगची पद्धत मांडली. एकाच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या आवृत्त्या आधीच करून ठेवायच्या आणि लांबच्या वस्तूसाठी लहान आवृत्ती वापरायची. साठवणीला फक्त एक तृतीयांश जास्त जागा लागते. चित्र दूरवर चमचमू नये हा मूळ उद्देश होता. मेमरीचा मोठा फायदा पुढे कळला. 1990 मध्ये पिक्सारच्या डार्विन पीची यांनी त्याला पुढची जोड दिली. टेक्स्चर अख्खं वाचायचंच नाही. त्याचे छोटे चौकोनी तुकडे करून ठेवायचे आणि किरण जिथे पडेल तेवढाच तुकडा, हव्या त्या आवृत्तीतला, डिस्कवरून आणायचा. आणलेल्या तुकड्यांसाठी मेमरीत ठरावीक जागा राखायची आणि ती भरली की बराच वेळ न वापरलेले तुकडे टाकून द्यायचे. 64 बाय 64 चा एक तुकडा फक्त 16 केबीचा असतो. म्हणूनच शेकडो जीबींची टेक्स्चर असलेला शॉट काही जीबींच्या राखीव जागेत, म्हणजे कॅशमध्ये, रेंडर होतो. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली आणि डिलन लेसवेल यांनी 2008 मध्ये मांडलेली पीटेक्स ही पद्धतही याच विचाराची, फक्त तिथे मॉडेलच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःचं छोटं टेक्स्चर मिळतं. मोआनाच्या बेटावर तीच वापरली आहे.

पण ही सोय मिळायला चित्रांचं तुकडे पाडलेल्या स्वरूपात आधीच रूपांतर करून ठेवावं लागतं. अर्नोल्ड किंवा रेंडरमॅन या रेंडररवर काम करणारे हे करतात. ते करायला विसरलं तरी रेंडर होतो, आणि तिथेच घात होतो. काम चाललेलं दिसतं, मेमरी मात्र सगळी खर्ची पडते.

आकारांच्या बाबतीत मात्र ‘लागेल तेवढंच आणा’ म्हणणं इतकं सोपं नव्हतं, आणि मला या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच वाटतो. रॉबर्ट कुक, लॉरेन कार्पेंटर आणि एडविन कॅटमल यांनी 1987 मध्ये रेज नावाची रचना प्रसिद्ध केली. पिक्सारचा रेंडरमॅन तिच्यावर उभा राहिला आणि 1995 चा ‘टॉय स्टोरी’ त्याच्यावर. त्यात चित्राचे लहान चौकोन करून एकेक चौकोन हातावेगळा केला जाई. त्या चौकोनात येणाऱ्या वस्तूंचे पिक्सेलहूनही बारीक तुकडे करायचे, रंगवायचे आणि विसरून जायचं. डोंगराच्या मागे काय आहे हे पुढच्या झाडाला माहीत असायची गरजच नव्हती. मेमरी फार महाग होती त्या काळात ही विसरण्याची कला हेच त्या रचनेचं मोठेपण होतं.

या विसरण्याची किंमत अशी, की प्रकाश एका वस्तूवरून उसळून दुसरीवर पडतो हे नैसर्गिकपणे दाखवता येत नसे. त्यासाठी दिवे हाताने लावावे लागत, सावल्यांचे नकाशे वेगळे करावे लागत. जेम्स काजिया यांनी 1986 मध्येच पाथ ट्रेसिंगचा मार्ग दाखवला होता: कॅमेऱ्यातून किरण सोडा, तो उसळेल तिथे जाऊ द्या, असे असंख्य मार्ग गोळा करून सरासरी काढा. चित्र सुंदर येतं. पण किरण कुठे जाईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून अख्खा सीन हाताशी ठेवावा लागतो. डोंगरामागचा प्रवाळसुद्धा. 2010 नंतरच्या दशकात मोठे स्टुडिओ एकामागून एक या पद्धतीकडे वळले आणि मेमरीचा जुना प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

मग विसरणं पुन्हा कसं साधायचं? स्टॅनफर्डमधले मॅट फार, क्रेग कोल्ब, रीड गर्शबाइन आणि पॅट हॅनरहन यांनी 1997 मध्ये एक सुरेख वाट सुचवली होती. किरण जन्मेल त्या क्रमाने त्याचा माग काढायची सक्ती नाही. सीनचे भाग पाडा, किरणांना भागागणिक रांगेत थांबवा आणि एखाद्या भागाजवळ पुरेसे किरण जमले की तो भाग मेमरीत आणून त्या सगळ्यांचं काम एकदम उरका. डिस्नेचा हायपेरियन हा रेंडरर 2014 च्या ‘बिग हिरो 6’ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला, त्यातही क्रम बदलण्याचाच विचार आहे. तिथे किरणांचे प्रचंड मोठे गठ्ठे करून दिशेप्रमाणे लावले जातात, आणि आदळण्याच्या जागाही वर्गवारी करून रंगवल्या जातात, म्हणजे एक टेक्स्चर एकदा उघडलं की त्याचं सगळं काम एका फेरीत होतं. मोआनाचं बेटही चित्रपटासाठी याच रेंडररमधून गेलं.

घरच्या किंवा लहान स्टुडिओतल्या माणसाला रेंडररचा गाभा बदलता येत नाही. तरी त्याच्या हाती बरंच असतं.

सबडिव्हिजनची एक पायरी वाढवली की जाळीतले चौकोन चौपट होतात. 6 हजार चौकोनांचं साधं मॉडेल सहाव्या पायरीवर जवळपास अडीच कोटींचं होतं. कॅमेऱ्यापासून लांबच्या वस्तूला दोन पायऱ्या पुष्कळ, किंवा अंतराप्रमाणे बारीकपणा ठरवणारी सोय चालू करावी. धूर आणि ढगांचा हिशेब याहून कडक, कारण बारीकपणा दुप्पट केला की तिन्ही दिशांनी मिळून आठपट. प्रत्येक बाजूला 1000 घरांची भरीव जाळी एका गुणधर्मालाच 4 जीबी खाते. ढगात बहुतेक घरं रिकामीच असतात; ती न साठवण्याची ओपन-व्हीडीबी ही रचना ड्रीमवर्क्सने 2012 मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि आज जवळपास सगळीकडे तीच चालते. आकार बदलणाऱ्या वस्तूंना मोशन ब्लर लावला की बिंदूंच्या दुसऱ्या क्षणाच्या जागाही साठवाव्या लागतात. अंतिम चित्राचे स्वतंत्र थर घेतले तर 3840 बाय 2160 ला दर थरामागे सुमारे 130 एमबी. वीस थर सवयीने चालू ठेवणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

ग्राफिक्स कार्डवर रेंडर करणाऱ्यांची अडचण निराळी. संगणकात 64 जीबी रॅम असते, पण कार्डावर सहसा 8, 12 किंवा 24 जीबी, आणि किरणांना लागणारी माहिती तिथे मावली तरच खरा वेग मिळतो. ब्लेंडरचा सायकल्स रेंडरर कार्ड भरल्यावर मुख्य मेमरीची मदत घेऊ शकतो, पण वेग उतरतो आणि त्यालाही मर्यादा आहे. पडद्यावर उघडा असलेला सीन, ब्राउझर, दुसरं एखादं सॉफ्टवेअर, हे सगळे त्याच कार्डावर जागा अडवतात. म्हणून शेवटचा रेंडर सॉफ्टवेअरची खिडकी न उघडता टर्मिनलमधून सोडावा. अगदी काठावर अडकलेली फ्रेम कित्येकदा तेवढ्यानेच निघते. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय या कप्प्यात टेक्स्चरना आणि सबडिव्हिजनला एकगठ्ठा कमाल मर्यादा घालता येते. आधी ती 2048 पिक्सेलवर आणून रेंडर पाहा आणि फरक दिसतो तेवढ्याच वस्तू हाताने मोठ्या करा. इतकं करूनही कार्ड पुरलं नाही, तर प्रोसेसरवर सावकाश रेंडर करणं हा कमीपणा मुळीच नाही. मोठमोठ्या चित्रपटांच्या फ्रेम वर्षानुवर्षं तशाच निघाल्या आहेत.

कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या वस्तू सरसकट काढून टाकण्याचा सल्ला मात्र जपून घ्यावा. कॅमेऱ्याच्या मागचा माड चित्रात नसतो, पण त्याची सावली समोरच्या वाळूवर पडते आणि त्याचं प्रतिबिंब पाण्यात दिसतं. तो काढला की प्रकाशच बदलतो, आणि हलत्या कॅमेऱ्यात सावल्या अचानक उगवतात किंवा नाहीशा होतात. त्याच्या जागी हजारभर त्रिकोणांचा ढोबळ माड ठेवला की दोन्ही साधतं. सीन फारच अवाढव्य असेल तर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळे रेंडर करून नंतर जोडतात. तिथेही पुढच्या वस्तूंच्या सावल्या मागे पडतील याची तजवीज आधी करावी लागते.

सीन कोसळतोच आहे आणि कारण सापडत नाही, अशा वेळी अंदाजाने सेटिंग बदलत बसू नये. निम्म्या वस्तू बंद करून रेंडर करा आणि मेमरीचा कमाल आकडा पाहा. मग उरलेल्यातल्या निम्म्या. हजार वस्तूंतला दोषी दहा फेऱ्यांत सापडतो. ब्लेंडर टर्मिनलमधून चालवला की ‘मेम’ आणि ‘पीक’ असे आकडे छापत जातो. कार्डावरची मेमरी वेगळी पाहावी. मोठा शॉट रेंडर फार्मवर, म्हणजे एकत्र रेंडर करणाऱ्या अनेक संगणकांवर, सोडण्याआधी त्यातली सर्वांत गर्दीची फ्रेम निवडून फक्त तिचा पीक टिपून ठेवावा. पहिली फ्रेम निर्विघ्न पार पडली म्हणून पुढच्या पडतीलच असं नसतं; कॅमेरा वळून अख्खं रान समोर येतं तिथे आकडा उडी मारतो.

आणि लांब ॲनिमेशन थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नये. प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल काढावी. म्हणजे 312 व्या फ्रेमला प्रोग्रॅम पडला तरी आधीच्या 311 शाबूत राहतात. दर फ्रेमला, निदान दर काही फ्रेमनंतर, रेंडरर बंद करून नव्याने सुरू करण्याची पद्धत मोठ्या रेंडर फार्मवर सर्रास आहे. प्रोग्रॅम थोडी थोडी मेमरी परत करायची विसरत असेल, तर ती गळती साचायला वेळच मिळत नाही. दर वेळी सीन पुन्हा वाचण्यात दोन-चार मिनिटं जातात, पण रात्रभर चालणाऱ्या कामात ती सहज परवडतात. सीन मेमरीतच धरून ठेवणारी ‘पर्सिस्टंट डेटा’सारखी सोय वेगासाठी उत्तम असली, तरी काठावरच्या शॉटला ती बंदच ठेवावी.